उन्हाळ्यात भरलेल्या चार दाढा : सोलापुरातल्या एका दवाखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात गेली बारा वर्षं माझा दातांचा दवाखाना आहे. येणाऱ्यांत यंत्रमागावरचे कामगार, टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायका आणि घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका जास्त. मिश्री अजून सुटलेली नाही, त्यामुळे हिरड्यांची आणि दाढांची कामं भरपूर असतात. पूर्वी दाढ किडली की 'चांदी' भरायची. आता नव्वद टक्के लोक दाराशीच सांगतात, "मॅडम, दाताच्या रंगाचं सिमेंट भरा."

हे सिमेंट म्हणजे कंपोझिट. रेझिन, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा चिकट पदार्थ, आणि त्यात घट्ट बसवलेली काचेची बारीक पूड. यातला मुख्य रेणू, बिस-जीएमए, राफाएल बोवेन या अमेरिकी संशोधकानं शोधला आणि १९६२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पेस्ट मऊ असते, निळा प्रकाश पडला की कडक होते. त्या प्रकाशातला साधारण ४६८ नॅनोमीटरच्या आसपासचा भाग कॅम्फरक्विनोन नावाचा घटक शोषून घेतो आणि सुटे रेणू एकमेकांत गुंफायला लागतात. पण सगळे कधीच गुंफले जात नाहीत. उत्तम दिवा, पातळ थर, पुरेसा वेळ, एवढं सगळं जुळलं तरी निम्म्याहून थोडे जास्त ते तीन चतुर्थांश, एवढेच दुवे जुळतात. उरलेलं सुटं रेझिन भरणीतच राहतं आणि त्यातलं काही पहिल्या एक-दोन दिवसांत लाळेत झिरपतं.

म्हणून या मटेरियलच्या बाबतीत 'टिकेल का?' आणि 'बाधेल का?' हे मला दोन प्रश्न वाटत नाहीत. कच्ची राहिलेली भरणी लवकर झिजते, हळदीचा रंग धरते, आणि तीच जास्त झिरपते. मला हे पुस्तकातून माहीत होतं. प्रत्यक्षात कळलं ते खालच्या प्रकरणात. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काय घडलं

मे महिन्याचा दुसरा आठवडा. पारा ४२ च्या वर. जवळच्या कुंभारी गावाकडून एक तिशीच्या आतली बाई आली. विड्या वळायचं काम, मजुरी दर हजार विड्यांमागे. दवाखान्यात एक दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी गेली. चार दाढा किडलेल्या होत्या, चारही भरण्याजोग्या. तिनं विचारलं, "एकाच खेपेला होत नाही का?" मी हो म्हटलं.

दुसरी दाढ संपता संपता वळीव आला आणि वीज गेली. इन्व्हर्टरवर खुर्चीचा दिवा चालला, पंखा बंद. पेस्ट कडक करणारा निळा दिवा, म्हणजे क्युअरिंग लाइट, बॅटरीवरचा, त्यामुळे काम थांबलं नाही. तिसऱ्या आणि चौथ्या दाढेत किडीचा खड्डा दोन दातांच्या मध्ये खोल उतरलेला होता. वीस वीस सेकंद लाइट दिला. घासून गुळगुळीत करायचं, म्हणजे पॉलिशिंग, राहिलं. "परवा या, घासून देते," म्हटलं. ती आली नाही, आणि आम्हीही फोन केला नाही.

जुलैच्या शेवटी ती आली. सोबत सासू.

"गार पाणी पिलं की कळ मारती बघा," तिनं उजवीकडच्या खालच्या दाढेवर बोट ठेवलं. डावीकडची वरची दाढ पिवळी पडली होती, जिभेला खरबरीत लागत होती. हे सगळं ती सहज सांगत होती. खरं कारण सासूनं सांगितलं. सून चौथ्या महिन्यात होती. दिराच्या मुलानं मोबाइलवर कसलासा व्हिडिओ दाखवला होता. "दातातलं हे पिलास्टिक पोटातल्या लेकराला बाधतंय म्हणं. चारी काढून टाका."

हिशेब केला तर मे महिन्यात दाढा भरल्या तेव्हाच दिवस गेलेले होते. तिला ते ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

पहिला निर्णय : आज काही काढायचं नाही

समोर रुग्ण बसलेला असताना हात आवरणं अवघड असतं. भरणी उकरून नवी भरली की सगळे खूश होतात. पण पिवळी पडलेली दाढ प्रोबनं, म्हणजे तपासायच्या टोकदार सळईनं, हलकेच खरवडली, तर वरचा थर नखाएवढ्या जोरानं निघाला. आणि तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की दोष तिच्या दाढेत नसून आमच्या टेबलावर असेल. मग त्याच दिव्यानं, त्याच बाटलीतनं पुन्हा भरून काय साधणार? मी चार दिवसांची मुदत मागितली. गार लागणाऱ्या दाढेवर फ्लोराइड वार्निश लावून दिलं, आणि बाळाविषयीच्या प्रश्नाचं उत्तर नीट देईन असा शब्द दिला.

तपास

दिवा आधी. ओळखीच्या डॉक्टरांकडून रेडिओमीटर, म्हणजे दिव्याच्या प्रकाशाची ताकद मोजणारं यंत्र, आणला. आमचा एलईडी दिवा नवा होता तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला हजार मिलिवॅटच्या वर देत असे. आता आकडा ३४० वर थांबला. टोक उलटं करून उजेडात धरलं, तर काचेवर जुन्या कंपोझिटचा वाळलेला पापुद्रा, गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढा. तो दिसत नव्हता असं नाही. रोज वरून प्लास्टिकची पिशवी चढवायची, त्यामुळे कुणी पाहतच नव्हतं. पापुद्रा काढला तर ४८०. बाकीची घट बॅटरीची आणि वयाची. डोळ्यांना दिवा पूर्वीइतकाच निळाशार आणि झगझगीत दिसत होता, हे मला आजही खुपतं. निळ्या प्रकाशाची ताकद डोळ्यांना कळत नाही.

त्यात खोल खड्ड्याची भर. दिव्याचं टोक दाढेच्या वरच्या कडेवर टेकतं आणि तळ तिथून सहा-सात मिलिमीटर खाली असतो. अंतर वाढलं की पोचणारा प्रकाश झपाट्यानं घटतो. वीस सेकंदांत त्या तळाला काय मिळालं असेल ते उघड आहे.

मग पेस्ट. पुण्याहून कुरियरनं येणारं पार्सल मे महिन्यात शनिवारी सोलापुरात उतरलं आणि सोमवारी आमच्या हातात आलं. मधले दोन दिवस ते कुठल्या गोदामात तापलं ते आम्हाला माहीत नाही. खोक्यावर २५ अंशांच्या खाली ठेवा असं स्पष्ट छापलेलं. आमचं कपाट पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर. तिथे थर्मामीटर ठेवला तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुपारी ३५ दाखवत होता. मेमधलं तापमान त्यावरून ज्यानं त्यानं समजावं.

माझा सगळा संशय उन्हावर होता. पडताळायला आयएसओ ४०४९ या मानकातली खरवडण्याची चाचणी घरगुती पद्धतीनं केली. एक मिलिलिटरच्या सिरिंजचे आखूड तुकडे कापले, बाहेरून काळा कागद गुंडाळला, पेस्ट भरली, एका बाजूनं वीस सेकंद लाइट दिला, आणि दुसऱ्या बाजूची मऊ राहिलेली पेस्ट प्लास्टिकच्या चमच्यानं खरवडून टाकली. जे कडक उरलं त्याची लांबी मोजायची आणि निम्मी करायची. ती निम्मी लांबी किमान दीड मिलिमीटर हवी. मेमधली ट्यूब आणि आमचा दिवा : १.३. नवी ट्यूब आणि आमचा दिवा : १.४ च्या आतच. मेमधली ट्यूब आणि उसना दिवा : २.१. नवी ट्यूब आणि उसना दिवा : २.२.

म्हणजे मुख्य दोष दिव्याचा. तापलेली ट्यूब चांगल्या दिव्याखाली जवळपास नव्यासारखीच कडक झाली. तशी कंपोझिट वापरण्याआधी मुद्दाम पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट करण्याची पद्धतही आहे, पेस्ट नीट पसरते म्हणून. काही मिनिटांची ऊब तिला मारक नाही. आठवडेच्या आठवडे तापत पडली, तर मात्र आतले रेणू उजेडाशिवायच हळूहळू जुळायला लागतात, पेस्ट चिवट होते, कडांना नीट बसत नाही. आमची ट्यूब त्या वाटेवर होती, टोकाला पोचली नव्हती.

उन्हानं खरी वाट लावली ती बाँडिंगच्या बाटलीची. दात आणि कंपोझिट यांना चिकटवणारं हे द्रव. आमच्यातलं अ‍ॅसिटोनवर आधारलेलं. ते पाण्यासारखं पातळ हवं. ब्रशवर थेंब घेतला तर मधासारखी तार धरत होता. झाकण सैल, कपाट गरम, अ‍ॅसिटोन उडून गेलेलं. असं घट्ट द्रव दाताच्या सूक्ष्म नळ्यांत उतरत नाही. नळ्या उघड्या राहतात, गार पाणी लागलं की आतला द्रव हलतो आणि कळ मारते. उजव्या दाढेचं उत्तर इथं मिळालं.

बाळाचा प्रश्न

व्हिडिओतली भीती हवेतली नव्हती, आणि तो मुद्दा मी 'काही नसतं हो' म्हणून उडवला नाही याचं मला समाधान आहे. बिस-जीएमए बनवताना बिस्फेनॉल ए हे रसायन लागतं. घटक म्हणून ते कंपोझिटमध्ये मिसळत नाहीत, पण कारखान्यातल्या प्रक्रियेतून त्याचा अंश मागे राहू शकतो. बिस-डीएमए नावाचा रेणू असलेल्या काही मटेरियलमध्ये लाळेतली एन्झाइम्स त्यापासून बिस्फेनॉल ए मोकळं करू शकतात. आमच्या ट्यूबच्या माहितीपत्रकात बिस-डीएमए नव्हतं. बिस्फेनॉल ए शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागू शकतं म्हणून काळजी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये त्याची रोजची सह्य मर्यादा आधीच्या वीस हजारांश केली, शरीराच्या दर किलोला ०.२ नॅनोग्रॅम. त्यामुळे 'अगदी थोडं असतं' एवढंच म्हणून भागत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच पक्की. रोजच्या जगण्यात हे रसायन मुख्यतः अन्नाच्या डब्यांच्या आतल्या लेपातून आणि काही प्लास्टिकमधून येतं. भरणीतून झिरपणं बहुतेक पहिल्या काही तासांत आणि दिवसांत होतं. २०१० मध्ये 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात हेच म्हटलं होतं : ही मटेरियल्स वापरत राहावीत, मात्र भरून झाल्यावर वरचा चिकट थर पुसावा-घासावा आणि चूळ भरायला लावावी, आणि गरोदरपणात शक्य तिथे वापर कमीत कमी ठेवावा.

तो चिकट थर म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनमुळे कच्चाच राहिलेला वरचा पापुद्रा. सुटं रेझिन सगळ्यात जास्त तिथं असतं. पॉलिशिंगमध्ये तो निघून जातो. मे महिन्यात आम्ही नेमकं तेच राहू दिलं होतं. "त्या दिवशी दिवसभर तोंड कडू कडू झालं होतं," हे तिनं मी विचारल्यावर सांगितलं.

पर्याय

चारही काढायच्या, हा सासूबाईंचा आग्रह. पण मेमध्ये भरलेल्या भरणीतून जे जायचं ते बहुतांश गेलेलं. आता टर्बाइननं, म्हणजे दात कोरायच्या यंत्रानं, उकरलं तर कंपोझिटची धूळ उडणार, दाताचा चांगला भागही थोडा कापला जाणार. ज्या भीतीनं काढायच्या, तीच भीती काढताना वाढणार.

बाळंतपणापर्यंत काहीच करायचं नाही, हा दुसरा. तो सोपा होता आणि कुणी नावं ठेवली नसती. पण सैल कडेतून कीड आत गेली, सातव्या-आठव्या महिन्यात दाढ ठणकायला लागली, तर औषधं आणि रूट कॅनल दोन्ही नको त्या वेळी करावं लागलं असतं. चौथा महिना दाताच्या कामाला तुलनेनं बरा.

तिसरा : फक्त दोन बिघडलेल्या बदलायच्या, उरलेल्या दोन नीट घासून ठेवायच्या. बदलताना कंपोझिटच भरायचं की साधं ग्लास आयोनोमर? ग्लास आयोनोमरमध्ये रेझिन नसतं. काचेची पूड आणि आम्ल यांच्या रासायनिक क्रियेनं ते स्वतःच घट्ट होतं, दाताला आपोआप चिकटतं, फ्लोराइड सोडतं. पण चावण्याच्या दाबाला ते कमी टिकतं. त्याचा रेझिन मिसळलेला प्रकारही बाजारात आहे, तो इथं उपयोगाचा नव्हता. खोकं वाचूनच घ्यावं लागलं.

तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलले. त्यांनी तिसऱ्या पर्यायाला हरकत घेतली नाही.

सांगायचं की नाही

या प्रकरणात माझी झोप उडवली ती या निर्णयानं. दिवा कमजोर होता हे तिला सांगायचं का? रेडिओमीटर देणाऱ्या डॉक्टरांनी प्रेमानंच सल्ला दिला, "बदलून द्या, पैसे घेऊ नका, एवढं पुरे. दिव्याचं कशाला काढता?" ते मला एक दिवस पटलंही.

चौथ्या दिवशी दोघी आल्या तेव्हा मी दिवा, तो खरवडलेला तुकडा आणि घट्ट झालेली बाटली टेबलावर मांडली. काय झालं ते सांगितलं, चूक आमची आहे हे सांगितलं. चारही का काढायच्या नाहीत तेही. सासूबाई गप्प होत्या. सुनेनं तो तुकडा बोटांत धरून कडक बाजूवर नख मारलं, मग मऊ बाजूवर. आणि विचारलं, "मग मॅडम, मेमध्ये आमच्यासारखे बाकीचे आले होते, त्यांचं काय?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

काय केलं

दोन्ही दाढा वेगवेगळ्या दिवशी केल्या. रबर डॅम, म्हणजे दाढ तोंडापासून वेगळी ठेवणारा रबराचा पडदा, लावला, जोराचं सक्शन, भरपूर पाणी. ग्लास आयोनोमर भरलं, आणि हे दोनेक वर्षांचं काम आहे, पुढे त्यावर कंपोझिटचा थर देऊ असं आधीच सांगितलं. उरलेल्या दोन दाढांवर ग्लिसरीनची जेल लावून नव्या दिव्यानं पुन्हा चाळीस सेकंद दिले, म्हणजे हवा न लागता वरचा थरही कडक व्हावा. इतक्या दिवसांनी दिलेला प्रकाश फार काही करत नाही हे ठाऊक होतं, पण अपाय नव्हता. मग प्युमिसच्या पुडीनं घासल्या आणि चुळा भरून थुंकायला लावलं.

रजिस्टर काढलं. दिवा नेमका कधीपासून उतरला हे सांगता येईना, म्हणून १ एप्रिलपासून धरलं. एकेचाळीस नावं निघाली. मदतनीस तेलुगू आणि कन्नड दोन्ही बोलते, फोन तिनंच केले. तेहतीसजण आले. नऊजणांच्या भरण्या बदलाव्या लागल्या, बऱ्याच जणांच्या नुसत्या घासून चालल्या. एकानं दारात उभं राहून मोठ्यानं सुनावलं, दोघांनी आम्ही बोलावलं म्हणून आणखी दोन नातेवाईक आणले. जे आठजण आले नाहीत, त्यांची नावं अजून रजिस्टरच्या पहिल्या पानावर आहेत.

याच धावपळीत मदतनिसाची बोटं माझ्या नजरेस आली. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांना भेगा, कातडी सोलवटलेली, रात्री खाज. ती म्हणत होती भांड्यांच्या साबणानं. पण साबणानं दोन्ही हातांची सगळी बोटं नसती का गेली? बाँडिंगच्या बाटलीच्या तोंडाशी ओघळ आला की ती ग्लोव्हजच्या बोटानं पुसून घ्यायची, अगदी याच दोन बोटांनी. बाँडिंगमधलं हेमा हे रेझिन पातळ ग्लोव्हजमधून काही मिनिटांत आरपार जातं. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या लावून केलेल्या पॅच टेस्टमध्ये त्याचीच अ‍ॅलर्जी निघाली. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. रुग्णाच्या तोंडात काय झिरपतं यावर आम्ही पंधरा दिवस डोकं फोडत होतो, आणि त्याच मटेरियलचा सगळ्यात जास्त त्रास आमच्याच खोलीतली बाई वर्षभर मुकाट सोसत होती. आता ती बाटलीला हात लावत नाही. द्रव सांडलं तर पुसायला कापूस आणि चिमटा, ग्लोव्हजला लागलं तर लगेच बदलायचे, हा नियम सगळ्यांना.

साठवणीत पहिल्याच आठवड्यात आम्ही आणखी एक चूक केली. भीतीनं सगळं फ्रिजमध्ये कोंबलं आणि थेट फ्रिजमधून काढून वापरायला लागलो. गार पेस्ट नीट जुळत नाही, आणि बाटलीवर दव धरतं, ते पाणी आत जाऊ शकतं. आता सकाळी दवाखाना उघडताना त्या दिवसापुरतं बाहेर काढून ठेवतो. झाकण वापरताच बंद. उन्हाळ्यात पार्सल शुक्रवार-शनिवारी पाठवू नका असं विक्रेत्याला लिहून दिलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

चार दाढा एका खेपेला, वीज गेलेली, घाम पुसत. तिची मजुरी बुडू नये म्हणून मी हो म्हटलं, आणि त्यापायी तिला तीन खेपा जास्त पडल्या. दोन भरून दोन पुढच्या आठवड्यावर ठेवायला हव्या होत्या.

मूल होण्याच्या वयातल्या बाईला "पाळी कधी आली होती?" हे आम्ही एक्स-रेच्या वेळी विचारतो, सिमेंट भरताना विचारत नव्हतो. आता खुर्चीत बसवण्याआधी विचारतो. दिवस गेले असतील तर निवड बदलता येते, काम थांबवायची गरज पडत नाही.

ट्यूबचा बॅच नंबर रुग्णाच्या कागदावर नव्हता. तो असता तर एकेचाळीस फोनांऐवजी कदाचित वीसच लागले असते. आता मदतनीस खोक्यावरची पट्टी कापून थेट कार्डावर चिकटवते. दर सोमवारी सकाळी दिव्याचा आकडा वहीत लिहायचा. आता आमचा स्वतःचा रेडिओमीटर आहे आणि त्याची किंमत दोन-तीन भरण्यांच्या बिलाएवढी आहे. बारा वर्षं तो घेतला नव्हता याला मला एकही धड कारण सापडत नाही.

एक गोष्ट अजून मनात अनिर्णित आहे. उरलेल्या दोन भरण्यांतली एक खोल खड्ड्याची होती. तिचा तळ कच्चाच असणार, वरून कितीही घासलं तरी. गरोदरपणात ती न छेडणं मला आजही बरोबर वाटतं. पण बाळंतपणानंतर लगेच बदलायला हवी होती का, यावर माझं आणि त्या रेडिओमीटरवाल्या डॉक्टरांचं एकमत होत नाही.

निष्पत्ती

गार पाण्याची कळ नवी भरणी झाल्यावर आठवड्याभरात थांबली. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, ती बाळंत झाली. मुलगी, वजन चांगलं. बाळ सुखरूप असण्याचा भरण्यांशी काही संबंध जोडू नये, हे मी सासूबाईंनाही सांगितलं. मार्चमध्ये ती मुलीला घेऊन तपासायला आली. ग्लास आयोनोमरच्या दोन्ही दाढा जागच्या जागी आहेत, वरून किंचित झिजल्यात. खोल खड्ड्याच्या त्या दाढेच्या कडेला केसाएवढी तपकिरी रेघ दिसायला लागली आहे. प्रोब अडकत नाही, कळ नाही. एक्स-रे काढून ठेवला, बॅचच्या जागी 'माहीत नाही' असं लिहिलं, आणि पुढची तारीख उन्हाच्या आधीची, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली दिली.